मुरायला ठेवलेलं काम

सकाळी दात घासता घासता त्याने न्हाणीघरातल्या आधाराच्या दांडीवर हात ठेवून थोडा भार दिला आणि भिंतीच्या आत कुठेतरी कट् असा आवाज झाला. आवाज बारीकच होता. नळ चालू असता तर ऐकूही आला नसता. पण नळ बंद होता, आणि दांडीच्या वरच्या टोकाखालून पांढरी पूड घरंगळत आली ती थेट त्याच्या ओल्या पायावर. ब्रश तोंडात तसाच धरून तो पायाकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा हात ठेवला, या वेळी अगदी हलका, आणि दांडी हलली. फार नाही, नखभर. काल ती हलत नव्हती, किंवा हलत असली तर त्याने स्वतःला ते कळू दिलं नव्हतं. त्याने पूड पायानेच जाळीकडे लोटली, वरून मगभर पाणी ओतलं, चूळ भरली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाहेर आला. असा चेहरा करणं त्याला फारसं जमत नाही, पण घाईच्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघतं कोण?

बाहेर आई खुर्चीत बसून पेपर चाळत होती आणि बायको एका हाताने डबा भरत दुसऱ्या हाताने पर्समध्ये किल्ल्या शोधत होती. आई म्हणाली, "आज केस धुणार आहे मी." बायको म्हणाली, "संध्याकाळी धुवा ना आई, मी आले की." "संध्याकाळी वाळत नाहीत गं. दुपारी खिडकीत ऊन येतं, तेव्हाच बरं." "मग दांडी नीट धरा म्हणजे झालं," बायको म्हणाली आणि किल्ल्या सापडल्याच्या आनंदात निघूनही गेली. त्याच्या तोंडात पेस्टची चव होती. आत्ता बोलायचं, असं त्याला वाटलं. दांडी धरू नकोस, ती ढिली झाली आहे, एवढंच. दोन महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली होती. हाड वाचलं, पण मांडी काळीनिळी झाली, आणि डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "या वेळी थोडक्यात निभावलं. पुन्हा पडल्या तर उभ्या राहतील असं मी सांगू शकत नाही." त्यानंतरच दांडीचा विषय निघाला होता. म्हणजे ती दांडी शोभेची नव्हती. आईचा सगळा भार कधीतरी एका क्षणात तिच्यावर येणार होता, ती त्यासाठीच होती. त्याने बूट घातले, नाडी बांधली, सोडली, परत बांधली. आई पेपरच्या वरून त्याच्याकडे बघत होती. "काय रे?" "काही नाही. येतो."

रस्त्याला लागल्यावर त्याने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. आईचं वजन ते किती? ती दांडीला लोंबकळणार थोडीच आहे, नुसती बोटं टेकवेल. आणि दुसरं म्हणजे, काम अजून मुरायचं असेल. हा शब्द मनात आला आणि त्याला जरा बरं वाटलं. हा बाबांचा शब्द. बाबा घरातली सगळी दुरुस्ती स्वतः करायचे. इमारतीत लोक त्यांना पाठीमागे 'वर्कशॉप' म्हणायचे आणि समोर आले की 'साहेब'. नळ, पंखा, खिडकीची कडी, कपाटाचं कुलूप, इस्त्री, सगळं रविवारी सकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून उघडलं जायचं. घरात बाहेरचा माणूस दुरुस्तीला यायचा नाही. बाहेरच्याच्या हातात घर दिलं की घर आपलं राहत नाही, असं बाबा म्हणायचे, आणि ते असं काही बोलले की आई चहा टाकायला उठायची. त्याला टॉर्च धरायचं काम असे. टॉर्च जरा हलला की बाबा ओरडत, "डोळे कुठे आहेत तुझे?" त्यामुळे काय दुरुस्त होतंय हे त्याने कधी पाहिलंच नाही, तो नुसता उजेडाचा गोल बघत बसे. बाबांची हत्यारं म्हणजे एक पक्कड, एक हातोडी, लाकडी मुठीचा एक मोठा स्क्रूड्रायव्हर आणि एक बोथट पटाशी. त्यातल्या कशानेही काहीही करायचे. स्क्रूड्रायव्हर ठोकायला, पटाशी स्क्रू फिरवायला. रविवारी दुपारी सगळं परत जोडून झालं, की नळ बहुतेक वेळा तसाच गळत असे. मग बाबा हात पुसत म्हणत, "लगेच हात लावायचा नाही. काम मुरायला वेळ द्यावा लागतो." आणि खरंच, सोमवारी संध्याकाळी बाबा कामावरून घरी येत तेव्हा नळ गळायचा थांबलेला असे. बाबा तो उघडत, बंद करत, पुन्हा उघडत. "बघितलंस? मुरलं." आई ओट्याशी पाठमोरी काहीतरी चिरत असे. बाबांच्या हाताला यश होतं. नातेवाइकांत, इमारतीत, सगळीकडे असंच बोललं जाई, आणि बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी हेच पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यालाही हा गुण आला असावा. लग्नानंतर त्याने दाराची कडी बसवली, मागच्या वर्षी कपाटाची निखळलेली बिजागरी बसवली, स्वयंपाकघरातली फळी बसवली. सगळं पहिल्या दिवशी डुगडुगत असे आणि दोन दिवसांत घट्ट होई. त्याला कधी याचं नवल वाटलं नव्हतं. आपल्या घरात कामं मुरतात, एवढं त्याला ठाऊक होतं.

ही दांडी मात्र बिघडत चालली होती. बायको म्हणाली होती, "फिटरला बोलावू या ना. आईंचा प्रश्न आहे." तो म्हणाला होता, "चार स्क्रूंसाठी माणूस?" आणि हत्यारांचा संच घेऊन आला होता. निळी पेटी. उघडली की प्रत्येक वस्तू आपापल्या साच्यात झोपलेली. ड्रिल, त्याची भोक पाडायची बिटं, पाने, माप घ्यायची टेप, कशासाठी आहेत ते कधीच कळणार नाही असे दोन आकडे. ती पेटी मांडीवर घेऊन बसल्यावर त्याला आपण तयार झालो आहोत असं वाटलं होतं. बाबांकडे हे नव्हतं, तरी त्यांचं जमत होतं. आपल्याकडे हे आहे. पण बिटं लाकडासाठीची होती हे त्याला टाइलवर पहिलं भोक पाडताना कळलं. बिट टाइलवरून घसरलं, चर पडला, मग किंचाळत आत शिरलं आणि तापून निळं झालं. टाइल संपून एकदम काहीच लागलं नाही, बिट सुर्रकन मुठीपर्यंत आत गेलं. भिंतीच्या आत काय आहे, वीट की पोकळी, त्याला माहीत नव्हतं. ज्या घरात तो जन्मापासून राहिला त्याच्या भिंतीत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. स्क्रू पकडून ठेवायला प्लॅस्टिकचा प्लग घातला तो भोकात गरगर फिरायला लागला. स्क्रू पिळला की प्लगही त्याच्याबरोबर फिरे. मग त्याने प्लगला कागदाची पट्टी गुंडाळली, भोकात पांढरं सिमेंट कोंबलं, हातोडीने सगळं आत ठोकलं आणि वरून स्क्रू आवळले. शेवटचा स्क्रू घट्ट झालाच नाही, नुसता फिरत राहिला, तेव्हा त्याने तो सरळ उभा दिसेल असा थांबवला. वरून स्क्रू झाकणारी स्टीलची वाटी बसवल्यावर काही दिसत नव्हतं. दांडी चकचकीत दिसत होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "अगदी बाबांसारखं." आणि त्याला इतका आनंद झाला, की आता आठवून अंगावर काटा आला.

तो चष्म्याच्या दुकानात कारागीर आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला त्याचं टेबल आहे, त्यावर पांढरा दिवा, भिंग, आणि ओळीने लावलेले बारीक स्क्रूड्रायव्हर. कुठला स्क्रू कुठल्याने हे त्याचा हात डोळ्यांच्या आधी ओळखतो. इथे तो कुणाला नडत नाही, कुणापुढे दबत नाही. मालकसुद्धा त्याच्या टेबलाला टेकून उभे राहत नाहीत. त्या दिवशी दुपारच्या सुमाराला एक निवृत्त मास्तर आले. चष्म्याची दांडी बिजागरीपाशी तुटली होती आणि त्यांनी ती घरी डिंकाने चिकटवली होती. डिंक काचेवर पसरून त्याचा ढग झाला होता, आणि दांडी अशी वाकडी चिकटली होती, की चष्मा घातल्यावर मास्तर कुणाकडे तरी तिरप्या नजरेने बघतायत असं वाटे. "हे घरी कशाला केलंत?" तो म्हणाला. "आमच्याकडे आणायचा ना." "अहो, एवढं काय त्यात?" मास्तर म्हणाले. "तो तुमचा बारीक स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे असता, तर बाजारभर हिंडायला लागलं नसतं." "नुसतं हत्यार असून भागत नाही, मास्तर." त्याने हे इतक्या सहज आणि इतक्या वरच्या पट्टीत म्हटलं, की मास्तरांचा चेहरा उतरला. डोळ्यांवर चष्मा नसल्यामुळे ते फार म्हातारे दिसत होते. "महिनाभर चालवला मी हा," ते थोड्या वेळाने म्हणाले. "डोकं दुखायचं. पण म्हटलं, आपणच केलाय, आता काय बोलायचं?" तो डिंक खरवडत होता. त्याचा हात थांबला. न्हाणीघरातली पूड पायाला अजून चिकटलेली असावी असं त्याला वाटलं, आणि त्याने टेबलाखाली एक पाय दुसऱ्या पायावर घासला.

त्याने घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. कुणी उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. वाजणाऱ्या फोनच्या आवाजात त्याला ते घर दिसत होतं, बैठकीची खोली, रिकामी खुर्ची, पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला लोटलेलं दार. दाराच्या आत तो मनानेसुद्धा जायला तयार नव्हता. ती पडली असेल तर ती फोनचा आवाज ऐकत पडली असेल, हा विचार आला. तिने दांडी धरली असेल, कारण ती आपण बसवली आहे. दुसऱ्या कुणी बसवली असती तर तिने आधी हलवून बघितली असती. तिसऱ्यांदा लावल्यावर आईने उचलला. "अरे, गॅसवर पाणी ठेवत होते. काय झालं?" "काही नाही. सहज." "सहज तू कधी करतोस?" तो हसला. हसू आलं नव्हतं, तरी हसला. "केस धुतलेस?" "आता जाते. पाणी तापतंय." इथे बोलायचं. तोंड उघडलं की झालं. समोर मास्तर बसले होते आणि मालक काउंटरवर कुणाला फ्रेम दाखवत होते. "आई, ती दांडी..." "हं?" "घट्ट आहे ना?" पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग आई म्हणाली, "तू बसवलीस ना?" त्याने डोळे मिटले. "हो." "मग तूच सांग." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. चिडलेला नाही, थट्टेचा नाही. तो म्हणाला, "घट्ट आहे. पण तरी जपून." "बरं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

आपण असं का म्हणालो हे त्याला नंतरही कळलं नाही. खोटं बोलायचं म्हणून तो बोलला नव्हता. त्याला खरं बोलायचा रस्ताच सापडला नाही. बाबांच्या घरात 'मला हे जमलं नाही' हे वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. परीक्षेत नापास झाला तेव्हासुद्धा बाबा म्हणाले होते, "पेपर अवघड काढला असेल." त्याने मालकांना सांगितलं, आईला बरं नाही, आणि मास्तरांचा अर्धा खरवडलेला चष्मा तसाच टेबलावर ठेवून तो निघाला. हाही त्याच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालेला प्रकार.

घराकडे धावत जायचं सोडून तो कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरला. आता विचार केला तर हे वेडेपणाचं वाटतं, पण त्या वेळी त्याला वाटत होतं, की योग्य बिट आणि लांब बोल्ट घेऊन घरी गेलो तर काही बोलायची वेळच येणार नाही. दहा मिनिटांत दांडी काढून घट्ट बसवता येईल, आणि सकाळचा आवाज झालाच नव्हता असं होईल. "टाइलचं बिट द्या," तो म्हणाला. "आणि मोठे प्लग." दुकानदाराने विचारलं, "भिंत कसली आहे?" "म्हणजे?" "वीट आहे, काँक्रीट आहे, की पोकळ ब्लॉक? त्यावर आहे सगळं. पोकळ असेल तर हे प्लग घेऊन उपयोग नाही, वेगळे लागतात." तो काउंटरवर हात टेकून उभा राहिला. मागे एक माणूस मापाचे पाइप उलथेपालथे करून बघत होता. दुकानदार म्हणाला, "बसवायचं काय आहे?" "दांडी. न्हाणीघरात. म्हातारं माणूस धरतं ती." "मग स्वतः नका बसवू हो. हा काय, फिटर उभाच आहे. घेऊन जा." पाइप बघणारा माणूस वळला. साठीचा, पिकलेल्या मिशा, खांद्याला तेलकट पिशवी. "लांब आहे का?" त्याने विचारलं. "माझा गुडघा दुखतोय, जिने असतील तर सांगा." आई एव्हाना आत गेली असेल. "चला," तो म्हणाला. "लगेच चला." बिट आणि प्लग न घेताच तो दुकानाबाहेर पडला.

फिटर वाटभर फोनवर कुणाशी तरी भांडत होता. कुणाचा तरी गीझर दोनदा बदलून झाला होता आणि आता त्याला त्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं. इमारतीपाशी आल्यावर त्याने फोन खिशात टाकला आणि वर न बघताच जिना चढायला लागला. हा मागून. दुसऱ्या मजल्यावर फिटर थांबला, गुडघा दाबला, आणि डावीकडच्या दाराची बेल वाजवली. डावीकडचं दार त्याचं होतं. त्याने मजला सांगितला नव्हता. शेजारी कधी आला असेल, इमारतीत सगळीकडे जात असेल, असं त्याला वाटलं, पण असं वाटून घेण्यात त्याचं लक्ष नव्हतं, कारण आतून काही आवाज येत नव्हता. त्याने खिशातून किल्ली काढली, ती कुलपात शिरेना. मग आतून चपला घासत आल्याचा आवाज आला आणि आईने दार उघडलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, चेहरा न्हाऊन उजळलेला. ती धडधाकट उभी होती. त्याने किल्ली परत खिशात टाकली. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग फिटरकडे. "या हो," ती फिटरला म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

फिटर म्हणाला, "चाललंय, वहिनी." चपला दाराच्या मागे काढल्या, जिथे घरातली माणसं काढतात तिथे. मग पिशवीतून मोठं ड्रिल काढलं, वायरची गुंडाळी सोडली आणि पॅसेजमधला विजेचा प्लग ओलांडून वायर पार स्वयंपाकघरात नेली. त्याने मागून सांगितलं, "अहो, इथे जवळ प्लग आहे की." "तो नको," फिटर आतूनच म्हणाला, "तो साहेबांच्या हातचा आहे. तेवढा एक राहून गेलाय करायचा." पुढे फिटर काय म्हणाला ते त्याला नीट ऐकू आलं नाही. तो पॅसेजमध्ये उभा राहून त्या प्लगकडे बघत होता. पांढरी पाटी, एका बाजूला जराशी कलती. लहानपणापासून ती तशीच होती. "तुम्ही बाबांना ओळखायचात?" त्याने विचारलं. फिटरने न्हाणीघरात शिरता शिरता मान वळवली. "त्यांना नाही. त्यांचं काम ओळखतो." तो काही टोमणा मारत नव्हता. रस्ता ओळखतो, तसं सांगत होता. मग त्याने एका हाताने दांडी धरली, पाय भिंतीला लावला नाही, जोर केला नाही, नुसती ओढली, आणि दांडी सिमेंटसकट, कागदाच्या पट्टीसकट त्याच्या हातात आली.

आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. तो दारात जाऊन उभा राहिला. ड्रिल सुरू झालं होतं, त्यामुळे दोघांना आवाज चढवून बोलावं लागत होतं, आणि असलं बोलणं ओरडून करायचं त्याला विचित्र वाटत होतं. "केव्हापासून?" "तू टॉर्च धरायचास तेव्हापासून. सोमवारी तुम्ही दोघं गेलात, की याला निरोप द्यायचा." "सगळं?" "सगळं कसं? दिसेल ते." "आणि माझं? कपाटाची बिजागरी?" आईने साखरेचा डबा उघडला, बंद केला. "तीही." "फळी?" "फळीपण." त्याला एकामागून एक दिसत गेलं. गळायचे थांबलेले नळ, फिरायला लागलेले पंखे, बाबांचा हात पुसत उभा असलेला चेहरा, आणि पाठमोरी आई. त्याचं बालपण कुणीतरी सोमवारी दुपारी येऊन, चपला दारामागे काढून, दुरुस्त करून गेलं होतं. "बाबांना कळलं नाही कधी?" "एकदा लवकर घरी आले होते," आई म्हणाली. "हा जिना उतरत होता, ते चढत होते. त्यांनी विचारलं, कुणाकडे आला होता? हा म्हणाला, वरच्या मजल्यावर. पिशवी याच्या खांद्याला. ते आत आले, बूटसुद्धा काढले नाहीत, सरळ जाऊन नळ उघडून बघितला. खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, मुरलं बघ. मी म्हटलं, हो." ड्रिल थांबलं. पुढचं वाक्य तिने हळू आवाजात म्हटलं. "त्या दिवशी बोलले असते तर मला तेवढं पुरलं असतं."

न्हाणीघरातून टाइलचा तुकडा उडाल्याचा आवाज आला आणि फिटरने कुणाला तरी शिवी दिली, बहुतेक टाइललाच. "कोपरा गेला, वहिनी," तो ओरडला. "पुट्टी लावून देतो." इकडे स्वयंपाकघराच्या दारात तो आईला म्हणाला, "मग ही दांडी तशीच का ठेवलीस? आठवडा झाला. तू पडली असतीस." "मी धरलीच नाही. स्टुलावर बसून न्हाते. हात भिंतीला." "पण याला बोलवायचं ना. नेहमी बोलवतेस तसं." आईने चहा गाळला. "रोज सकाळी तू दांडी हलवून बघतोस ते मला बाहेर ऐकू येतं," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगेल. फोन आला तेव्हा वाटलं, आता सांगतोय. तुझ्या बाबांच्या मागून निस्तरत आले, तुझ्याही मागून निस्तरलं. पण आता मी किती दिवस आहे रे? आणि ही तर माझीच दांडी. मी पडले असते तर त्याच्या मागून निस्तरायला कोण येणार होतं?" त्याला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली राग होता, तो कुणाचा हे कळत नव्हतं. बाबांचा, आईचा, की ज्याच्या गुडघ्याची आईला काळजी होती त्या माणसाचा. आपल्याला कधी कुणी खरा नळ गळताना दाखवला नाही, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. पण तो म्हणाला, "चुकलं माझं. मला जमलं नाही ते." आई म्हणाली, "हं." तिने त्याच्या हातात कप दिला. "हे एवढंच होतं," ती म्हणाली, आणि बरं वाटल्यासारखी हसली.

फिटर गेला. दांडी आता एक वीत खाली होती, जिथे भिंतीत वीट होती तिथे, आणि जुनी भोकं पुट्टीने बुजवलेली. त्याने आपला सगळा भार टाकून बघितला. दांडी हलली नाही. तो बराच वेळ तसाच लोंबकळून राहिला, गुडघे वाकवून, मोठा माणूस असून. मग खिडकीत उतरत्या उन्हात आईच्या समोर येऊन बसला. त्याने ठरवलं होतं, संध्याकाळी बायको आली की पहिलं हे सांगायचं. मला जमलं नव्हतं, मी फिटरला बोलावलं. साधं वाक्य होतं. त्याने ते मनात चार वेळा म्हणून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते जास्त सोपं होत गेलं. एकदा म्हटलं की हे घर वेगळं होणार होतं. मग बिजागरीचंही सांगता येईल, फळीचंही, पॅसेजमधल्या प्लगचंही. आईला एवढं दिलं तरी पुष्कळ.

बायको आली, दमलेली, पर्स खुर्चीत टाकून सरळ हातपाय धुवायला आत गेली. आतून तिचा आवाज आला, "अरे वा! हलत नाही आता! आणि खाली घेतलीत ते बरं केलंत, आईंच्या हाताला येईल." ती टॉवेलला हात पुसत बाहेर आली. "कुणी केलं हे?" त्याने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. "त्यानेच," आई म्हणाली. खिडकीकडे तोंड करून, केसांतून बोटं फिरवत, इतक्या वर्षांच्या सवयीच्या आवाजात. "दुपारी रजा टाकून आला मुद्दाम. काढून परत बसवली." बोलून झाल्यावर तिची बोटं केसांतच थांबली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आपल्या तोंडून काय गेलं ते तिला आत्ता कळलं होतं. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती थांबली होती. सकाळी पेपरच्या वरून, दुपारी फोनच्या पलीकडे थांबली होती तशी. "खरंच?" बायको त्याच्याकडे वळून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. खूप दिवसांनी.

"हो," तो म्हणाला.

आईने मांडीवरचा टॉवेल उचलला आणि ती केस पुसायला लागली. ते केव्हाच वाळले होते.